लाखोरीचं पाणी

मागच्या हिवाळ्यात माझी कंबर धरली. म्हणजे धरत तर आधीपासूनच होती, बँकेत बावीस वर्षं खुर्चीवर बसून दुसरं काय होणार, पण या वेळी डाव्या पायात मुंग्या यायला लागल्या आणि रात्री झोपेतून उठायला लागायचं. मग घरच्यांनी धरून न्यूरोलॉजिस्टकडे नेलं. नागपुरातलं क्लिनिक, बाहेर पन्नास माणसं, आत शिरल्यावर सात मिनिटं. एमआरआयची फिल्म लाईटवर लावून डॉक्टर म्हणाले, काही विशेष नाही, एल-फोर एल-फाइव्हची, म्हणजे कमरेच्या दोन मणक्यांमधली, गादी थोडी सरकलीये, व्यायाम करा. मग सवयीने त्यांनी माझी चप्पल काढायला लावली आणि खिशातल्या स्कूटरच्या किल्लीने तळपायावर टाचेकडून बोटांकडे एक रेघ ओढली. मला गुदगुल्या झाल्या, अंगठा खाली वळला. "छान," म्हणाले. मी विचारलं, छान म्हणजे काय? तर म्हणाले, "अंगठा खाली गेला म्हणजे वायरिंग ठीक. वर गेला असता तर बोलावं लागलं असतं." याला बाबिन्स्कीची टेस्ट म्हणतात. ना मशीन ना रक्त, फक्त एक किल्ली, आणि मेंदूतून पाठीच्या कण्यातून खाली जाणारी तार शाबूत आहे की नाही ते दोन सेकंदांत कळतं. मला हे फारच आवडलं.

तर उठताना त्यांनी तो फॉर्ममधला प्रश्न विचारला, घरात कोणाला असा नसांचा, पायांचा त्रास? मी नाही म्हणणार होते. पण मग आठवलं आणि म्हटलं, माझ्या आजोबांचे मोठे भाऊ होते, दोन काठ्यांवर चालायचे, पण ते लकव्याचं होतं.

"दोन्ही पाय?"

हो.

"चेहरा, हात, बोलणं?"

सगळं ठणठणीत. हाताने तर दिवसभर अंबाडीचे दोर वळायचे.

"चालायचे कसे? दाखवा बरं."

आता हे सांगायला हवं की लहानपणी आम्ही सगळी भावंडं मोठ्या आबाजींची नक्कल करायचो, आणि त्यासाठी मारही खाल्लाय. त्यामुळे पंचेचाळिसाव्या वर्षी, दुखरी कंबर घेऊन, मी त्या केबिनमध्ये ती नक्कल परत केली. टाचा जमिनीला लावायच्या नाहीत, चवड्यांवर उभं राहायचं, गुडघे किंचित वाकलेले आणि एकमेकांवर घासणारे, आणि प्रत्येक पाऊल दुसऱ्या पायाच्या पुढे असं आडवं पडणार, कात्रीसारखं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "गाव कुठलं तुमचं?"

भंडाऱ्याकडचं, म्हटलं. आता गोंदियात येतं, तेव्हा गोंदिया वेगळा जिल्हा नव्हता.

"लाखोरी खायचे?"

मी हसले. म्हटलं डॉक्टर, आमच्याकडे लाखोरी कोण खात नाही!

त्यांनी मला एक शब्द सांगितला, लॅथिरिझम, म्हणजे लाखोरी फार खाऊन होणारं पायांचं दुखणं. लकव्यात म्हणे बहुतेक एक बाजू जाते, हात आणि पाय दोन्ही, यात तसं नसतं, आणि आज शंभर टक्के सांगता येणार नाही, पण तुम्ही चालून दाखवलंत ते मी फक्त पुस्तकात वाचलंय. बाहेर पन्नास माणसं थांबलेली, तरी ते दहा मिनिटं बोलत बसले. मी माझ्या गादीचं काय करायचं ते विचारायलाच विसरले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. लाखोरी म्हणजे लाख, लाखोळी, लाखी डाळ, हिंदीत खेसारी, छत्तीसगडात तिवरा. आमच्या झाडीपट्टीत ळ चा र होतो म्हणून लाखोरी. पुण्या-मुंबईच्या लोकांना ती भेसळीच्या बातम्यांमधून माहीत असते, तूरडाळीत आणि बेसनात मिसळतात ती, दाणा कुऱ्हाडीच्या पात्यासारखा त्रिकोणी. आम्हाला ती शेतातून माहीत आहे. धान कापायला दोनेक आठवडे उरले की उभ्या धानातच, बांधीच्या ओल्या चिखलात, लाखोरी फेकून द्यायची. फेकायची म्हणजे खरंच फेकायची, मुठीने. नांगर नाही, पाणी नाही, खत नाही. धान कापून झालं की मागे उरलेल्या ओलीवर ती आपली आपण वर येते, निळी निळी बारीक फुलं येतात, जमिनीत नत्र धरून ठेवते ते वेगळंच. कोवळ्या शेंड्यांची भाजी, दाण्यांची डाळ, डाळीचे वडे आणि उरलेलं कुटार बैलांना. दुष्काळ पडो, पाऊस बुडवून जावो, बाकी सगळं गेलं तरी ही राहते. डाळीत प्रोटीनही भरपूर, पंचवीस टक्क्यांच्या वर. गरिबाच्या घरी देवानं पाठवलेलं पीक म्हणावं असं सगळं आहे तिच्यात.

आणि एक गोष्ट जास्तीची आहे, तिचं नाव ओडॅप. पूर्ण नाव अर्धी ओळ खाईल म्हणून लिहीत नाही. १९६४ मध्ये बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या संशोधकांनी तो पदार्थ लाखोरीच्या दाण्यातून वेगळा काढून दाखवला. मला समजलं तसं सांगते, तज्ज्ञांनी सांभाळून घ्यावं. आपल्या मज्जापेशी एकमेकींशी बोलतात ते काही रसायनांच्या मार्फत, त्यातलं एक मोठं म्हणजे ग्लुटामेट, पेशीला "चल, उठ, कामाला लाग" असं सांगणारं. ओडॅप दिसायला या ग्लुटामेटसारखं असतं, म्हणून ते त्याच दारावर जाऊन कडी वाजवतं, आणि वाजवतच राहतं. पेशी उठते, परत उठते, परत उठते, आणि शेवटी उठून उठून मरते. मेंदूतून निघून पाठीच्या कण्यातून कमरेपर्यंत उतरणाऱ्या ज्या लांबच लांब पेशी असतात, पायांना हुकूम देणाऱ्या, त्या यात सापडतात. हात बहुतेक वाचतात, डोकं वाचतं, स्पर्शही कळतो, चटका बसला तर बसल्यासारखा लागतो. फक्त वरून येणारा लगाम तुटतो आणि पायांचे स्नायू ताठ, आखडलेले, एकमेकांना ओढून धरणारे होऊन बसतात. म्हणून ते कात्रीचं चालणं. पाय लुळे पडत नाहीत, उलट नको तितके घट्ट होतात. आणि म्हणूनच मोठ्या आबाजींच्या पोटऱ्या म्हातारपणीसुद्धा दगडासारख्या होत्या, आम्ही पोरं त्यावर टिचक्या मारून बघायचो.

एखाद्या वेळी वडे खाल्ले म्हणून काही होत नाही हे आधीच सांगून टाकते, नाहीतर फोन यायचे. महिनोन्महिने जेवणात मुख्य म्हणून हीच, सोबत भात नाही, भाजी नाही, दूध नाही, अशी अवस्था असली तर धोका. आणि एकदा पाय गेले की पुढे वाढत नाही पण परतही येत नाही. पुस्तकात याच्या पायऱ्या कशा लावल्यात माहितीये? काठीशिवाय चालणारा, एक काठीवाला, दोन काठ्यांवाला आणि शेवटी सरपटणारा. मला वाटलं होतं ग्रेड वन ग्रेड टू असं काहीतरी असेल. मोठे आबाजी तिसऱ्या पायरीवर होते, आणि तिथेच राहिले, पन्नासच्या वर वर्षं.

हे आपल्याकडचंच आहे असंही नाही. ठगांचा बंदोबस्त करणारा तो इंग्रज अधिकारी स्लीमन, तो मध्य प्रदेशातल्या सागर भागात असताना लिहून गेलाय. १८२९ ला गारपिटीने गहू गेला, १८३० ला पावसाने दगा दिला, १८३१ ला तांबेऱ्याने खाल्लं, तिन्ही वर्षं फक्त ही एक डाळ तग धरून राहिली, लोक तिच्यावर जगले, आणि १८३३ पासून तिशीच्या आतली पोरं-पोरी कमरेखाली अधू व्हायला लागली, एका गावात तर अर्धी तरुण पिढी. स्पेनमध्ये नेपोलियनच्या लढाईच्या वेळी माद्रिदमध्ये दुष्काळ पडला तेव्हा लोक याच पिठाच्या लापशीवर जगले आणि गोया नावाच्या मोठ्या चित्रकाराने त्याचं चित्र कोरून ठेवलंय, त्यात एक बाई जमिनीवर आडवी पडलेली आहे. लॅथिरिझम हे नाव १८७३ मध्ये इटलीतल्या कांतानीने दिलं. म्हणजे मोठ्या आबाजींचे पाय गेले तेव्हा या दुखण्याचं बारसं होऊन सत्तर वर्षं झाली होती.

पण या सगळ्यात मला रात्री झोपू न देणारी गोष्ट वाप्नियार्काची. दुसऱ्या महायुद्धात रुमानियाच्या ताब्यातल्या भागात ज्यू कैद्यांची एक छावणी होती. १९४२ च्या शेवटी तिथल्या कैद्यांना रोज ४०० ग्रॅम लाखोरी, मिठाच्या पाण्यात शिजवून, आणि थोडा पाव असं खायला द्यायला लागले. जनावरांसाठी ठेवलेलं धान्य ते. काही आठवड्यांतच एकेकाचे पाय ताठ व्हायला लागले. कैद्यांमध्येच एक डॉक्टर होता, आर्थर केसलर, त्याने ओळखलं की हे अन्नातून होतंय, आणि कैद्यांनी ते खायला नकार दिला. उपाशी माणसांनी जेवण नाकारायचं म्हणजे काय असेल, विचार करा. तोवर शेकडो लोकांचं जे व्हायचं ते झालं होतं. पुढे इस्राएलमध्ये केसलर त्यातल्याच वाचलेल्यांवर वर्षानुवर्षं उपचार करत राहिला.

माझं डोकं इथे अडकलं की छावणी म्हटल्यावर आपल्याला लगेच कळतं, काटेरी तारा आहेत, पहारा आहे, दुसरं काही खायला मिळणार नाही. पण आमच्या गावात तर तारा नव्हत्या ना.

त्या रात्री आईला फोन केला. आई आता ऐंशीला आली, गावीच राहते, तिला हे सगळं तिच्या सासूने सांगितलेलं. मी विचारलं, मोठे आबाजी तरुणपणी काय खायचे गं?

"का खातीन? लाखोरीच खात होते. दुसरं होतं काय खायले?"

मग ती जे बोलत गेली ते मी कागदावर लिहून घेतलं, कारण मला हे कोणी कधी सांगितलंच नव्हतं. मोठे आबाजी मालगुजाराकडे, म्हणजे गावच्या जमीनदाराकडे, सालदार होते. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, हे त्याच्या आधीचं, माझ्या आजोबांच्या लग्नाच्या दीडेक वर्ष आधीचं म्हणजे ४५-४६ चं. सालाचा मोबदला धान्यात, ठरलेला धानात, पण ज्या वर्षी धान बुडालं त्या वर्षी मालगुजार काय करायचा, मापं तेवढीच, धान्य फक्त लाखोरी. पायलीला पायली. तक्रार करायला जागा नाही, पायल्या तर भरून दिल्यात. धान जे काही आलं ते बाजारात चांगल्या भावाने जायचं. आमचे लोक चार-सहा महिने सकाळी लाखोरीची भाकर, दुपारी लाखोरीचं वरण, रात्री तेच. (तिकडे मध्य प्रदेशात, रीवा-सतन्याकडे, वेठबिगारांना मजुरी म्हणून हीच डाळ देत असत आणि तिथे हजारोंनी असे पाय गेले, हे मी नंतर वाचलं. वाचताना चुकून आमच्या गावाचं नाव शोधत होते.)

आणि मग एका सकाळी मोठे आबाजी उठले आणि पाय उठेनात. आदल्या दिवशी पावसात बांधीचे धुरे, म्हणजे शेताचे बांध, बांधून आलेले. वीस-एकवीस वर्षांचं पोरगं. सोयरिक झालेली होती, ती मोडली. पुढे लग्न झालंच नाही.

इथवर ठीक होतं. मग आई म्हणाली, "सगळे म्हणत त्या बाईनं करणी केली."

कोण बाई?

आमच्या घरामागे एक विधवा राहायची. मोठ्या आबाजींच्या आईचं आणि तिचं धुऱ्यावरून भांडण झालेलं, त्याच महिन्यात. झालं. देवर्षी आला, त्याने लिंबू कापलं, बोट दाखवलं. तिला गावाने मारहाण केली नाही एवढं नशीब, पण त्या दिवसापासून तिच्या हातचं पाणी आमच्याकडे कोणी प्यायलं नाही. विहिरीवर ती आली की बाकीच्या बाजूला व्हायच्या. आजीने माझ्या आईला, नव्या सुनेला, १९६८ मध्ये आल्या आल्या पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, त्या घराकडे बघायचं नाही.

मी सहज विचारलं, तिचं कोणी नव्हतं का? तर आई म्हणाली, होता ना एक मुलगा. "तो बी तसाच चालत होता म्हणतात. एका काठीवर."

मी फोन हातात धरून तशीच बसले. तिचाच मुलगा! त्याच मालगुजाराकडे राबणारा, त्याच पायलीतलं खाणारा, त्याच सुमाराला पाय गेलेला. गावात कोणाला प्रश्न पडला नाही की करणी करणारी बाई स्वतःच्या पोरावर कशाला करेल? आईला विचारलं तर ती म्हणाली, लोक म्हणत की उलटली तिच्यावर. म्हणजे उत्तर तयार होतं. मागच्या-पुढच्या दोन घरांतल्या दोन तरुण पोरांचे पाय एकाच प्रकारे जातात, एक दुसऱ्यापेक्षा थोडं कमी, आणि सगळं गाव मालगुजाराच्या कोठारासमोरून रोज जातंय पण त्या कोठाराकडे कोणी बोट दाखवत नाही. मला मोठ्या आबाजींचा राग नाही, आजीचाही नाही, त्यांना कोण सांगणार होतं. पण पंच्याहत्तर वर्षांत आमच्या घरात डॉक्टर नाही तरी तीन मास्तर, एक ग्रामसेवक आणि मी एवढे शिकलेले लोक झाले आणि आम्ही सगळ्यांनी लकवा म्हणून विषय मिटवला, याचा येतो.

काँगोमध्ये असंच एक दुखणं आहे, कोन्झो. तिथे कसावाचे कडू कंद नीट भिजवायला वेळ नसला, दुष्काळ किंवा लढाई असली, की त्यातलं सायनाइड पोटात जातं आणि असेच दोन्ही पाय ताठ होतात. तिथल्या एका भाषेत कोन्झो म्हणजे बांधलेले पाय. डाळ वेगळी, विष वेगळं, माणसं मात्र तीच, ज्यांच्याकडे दुसरं खायला नाही ती.

१९६१ मध्ये सरकारने भेसळ प्रतिबंधक कायद्याखाली लाखोरीच्या विक्रीवर बंदी आणली. बंदी विकण्यावर, पेरणं चालूच. त्यामुळे झालं काय की शेतकरी पिकवायचा, उघड विकता यायची नाही, मग व्यापारी पडेल भावात उचलायचा आणि तीच डाळ तूर किंवा बेसन होऊन शहरात जायची. म्हणजे खाणारा खातच राहिला, फक्त पिकवणाऱ्याला भाव मिळाला नाही. नागपूरच्या डॉ. शांतीलाल कोठारींनी ही बंदी उठवा म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला, त्यांचं म्हणणं डाळ दोषी नाहीच. मला ते पूर्ण पटत नाही, वाप्नियार्का वाचल्यावर कसं पटेल, पण बंदीही पटत नाही. २०१६ मध्ये आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या समितीने कमी ओडॅपच्या तीन जाती, रतन, प्रतीक आणि महातिवरा, चालतील असं म्हटलं. त्यावरूनही पुष्कळ वाद झाले. आमच्या गावात यातली कुठली पेरतात विचारलं तर चुलतभाऊ म्हणाला, "आपली जुनीच. काहून?"

कंबर जरा बरी झाल्यावर संक्रांतीनंतर गावी गेले. गोठ्यात मोठ्या आबाजींची एक काठी अजून आहे, दुसरी कुठे गेली कोणाला माहीत नाही. बांबूची, वरून हाताने गुळगुळीत झालेली, आणि खालचं टोक एका बाजूने तिरकं झिजलेलं, कारण ते शरीराचा सगळा भार आत ओढून टाकायचे. ९८ ला ते गेले. शेवटपर्यंत मेंदू तल्लख, दोराचे पैसे किती झाले ते तोंडी सांगायचे, आम्हाला पाढे म्हणून घ्यायचे. करणीबद्दल त्यांच्या तोंडून मी कधी एक शब्द ऐकला नाही. त्यांना काय वाटत होतं कोण जाणे. दुपारभर घरामागच्या ओसरीवर, तिच्या घराकडे तोंड करून दोर वळत बसायचे एवढं मला आठवतं, पण तिकडे सावली असायची म्हणूनही असेल.

आईने माझ्यासाठी लाखोरी भिजत घातली होती, वड्यांसाठी. सकाळी तिने गरम पाण्यातून ती काढली आणि पाणी परसात ओतून दिलं, मग परत नवीन पाणी घातलं आणि तेही ओतलं. आता ओडॅप पाण्यात विरघळतं, गरम पाण्यात भिजवून पाणी फेकलं की बराचसा निघून जातो, हे मला दोन महिन्यांपूर्वी कळलं. मी विचारलं, पाणी का फेकतेस गं?

"वास येते त्याले. सासूबाई बी फेकत होत्या."

आणि त्यांची सासू? मोठ्या आबाजींची आई?

आई थांबली. मग म्हणाली, तेव्हा विहीर आटली होती त्या साली, असं सासूबाई सांगायच्या. पाणी मैलभरावरून आणत होते. ते कोण फेकीन?

मी मागच्या दारात उभी राहून त्या बाईचं घर कुठे होतं ते विचारलं. आईने ओल्या हातानेच दाखवलं, बाभळीच्या पलीकडे. आता तिथे धान खरेदीचं गोदाम आहे, बाहेर पोत्यांची थप्पी आणि एक ट्रॅक्टर. तिचा मुलगा कुठे गेला विचारलं तर आई म्हणाली नागपूरला गेला असं ऐकलं होतं, गिरणीत, बसून करायचं काही काम मिळालं म्हणे. नाव आठवते का? आई बराच वेळ आठवत राहिली. मग म्हणाली तेल तापलं असन, आणि आत गेली.